मतदार यादी कोण करतं?

३१ ऑगस्ट १९६२ रोजी मिसिसिपी राज्यातल्या इंडियानोला गावच्या कोर्टकचेरीसमोर एक जुनी बस थांबली. शेतमजुरांची ने-आण करणारी. तिच्यातून अठरा कृष्णवर्णीय माणसं उतरली. त्यांना मतदार यादीत नाव घालायचं होतं. त्यांत फॅनी लू हेमर होत्या, वय ४४, जवळच्याच एका कापसाच्या मळ्यावर अठरा वर्षं राबलेल्या. कचेरीत एका वेळी दोघांनाच सोडत होते. हेमरबाईंची पाळी आली तेव्हा रजिस्ट्रारने राज्याच्या घटनेतलं एक कलम त्यांच्यापुढे ठेवलं. हे जसंच्या तसं उतरवून काढा, मग त्याचा अर्थ लिहा. कलम होतं 'डी फॅक्टो' कायद्यांविषयी. उतरवणं जमलं, अर्थ कुठून येणार? परतीच्या वाटेवर पोलिसांनी बस अडवली आणि तिचा पिवळा रंग शाळेच्या बससारखा दिसतो म्हणून ड्रायव्हरला दंड केला. त्या घरी पोहोचेपर्यंत मळ्याच्या मालकाला बातमी लागलेली होती. अर्ज मागे घे, नाहीतर मळा सोड. त्यांनी त्याच रात्री मळा सोडला.

जानेवारी १९६३ मध्ये त्या ती परीक्षा पास झाल्या आणि नाव यादीत लागलं. पुढे मत द्यायला गेल्या तेव्हा कळलं की आधीच्या दोन वर्षांच्या पोल टॅक्सच्या, म्हणजे मतासाठी भरायच्या डोईपट्टीच्या, पावत्या दाखवाव्या लागतात. त्या कुठून आणणार?

वंश, वर्ण किंवा पूर्वीची गुलामी या कारणांवरून कोणाचाही मताधिकार नाकारता येणार नाही, असं सांगणारी पंधरावी घटनादुरुस्ती तेव्हा ब्याण्णव वर्षांची झाली होती. ती कोणी मागे घेतली नव्हती. तिचा एक शब्दही बदललेला नव्हता. आपल्याकडे अमेरिकेची ही गोष्ट सांगताना लिंकनवरून एकदम मार्टिन ल्यूथर किंगवर उडी मारली जाते. मला मात्र मधली शंभर वर्षं पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटतात. हक्क कागदावर शाबूत ठेवून माणसाला त्याच्यापासून लांब कसं ठेवायचं, याचं तंत्र त्या काळात कलमा-कलमाने घडवलं गेलं. ते तपशिलात पाहिल्याशिवाय नंतरच्या लढ्याने नेमकं काय मोडून काढलं हे समजत नाही.

१७८७ च्या मूळ घटनेत 'गुलाम' हा शब्द नाही. प्रतिनिधीगृहातल्या जागा ठरवताना स्वतंत्र माणसांच्या संख्येत 'इतर सर्व व्यक्तीं'चे तीन पंचमांश मिळवायचे, असं तिथे लिहिलं आहे. या 'इतर व्यक्ती' म्हणजे गुलाम. त्यांना मत नाही, पण त्यांच्या डोक्यांवर त्यांच्या मालकांच्या राज्यांना जास्तीच्या जागा, आणि त्या हिशोबाने राष्ट्राध्यक्ष निवडणारी जास्तीची मतं. गुलामांची आयात १८०८ पर्यंत बंद करता येणार नाही, हेही घटनेतच होतं, आणि ते कलम त्या सालापर्यंत दुरुस्त करायलासुद्धा मनाई होती. १८६० च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या सुमारे ३ कोटी १४ लाख भरली. त्यांतली ३९ लाखांहून जास्त माणसं गुलाम होती.

१८६१ च्या मार्चमध्ये, उत्तर आणि दक्षिणेतलं यादवी युद्ध तोंडावर आलेलं असताना, काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, दोन तृतीयांश बहुमताने जी घटनादुरुस्ती राज्यांकडे पाठवली, ती राज्यांमधली गुलामगिरी कायमची सुरक्षित करणारी होती. मोजक्याच राज्यांनी तिला मान्यता दिली, मग युद्ध पेटलं आणि ती मागे पडली. नाहीतर 'तेरावी घटनादुरुस्ती' या नावाने आज आपण तीच वाचली असती. लिंकन यांचा १ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा संघराज्यातून फुटलेल्या दक्षिणेतल्या बंडखोर प्रदेशापुरता होता. संघराज्यासोबत राहिलेल्या डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिझुरी या गुलामगिरीच्या राज्यांना तो लागू नव्हता. शिवाय युद्धकाळातला लष्करी हुकूम युद्ध संपल्यावर न्यायालयात टिकेल का, ही धास्ती होतीच. म्हणून घटनाच बदलायला हवी होती. सेनेटमध्ये एप्रिल १८६४ मध्ये गुलामगिरी बंद करणारी दुरुस्ती सहज पार पडली, प्रतिनिधीगृहात जूनमध्ये फेटाळली गेली, आणि ३१ जानेवारी १८६५ ला ११९ विरुद्ध ५६ मतांनी मंजूर झाली. तीन सभासदांनी बाजू बदलली असती तर दोन तृतीयांशाचा आकडा हुकला असता.

या तेराव्या दुरुस्तीत एक अपवाद आहे. गुलामगिरी आणि सक्तीचं श्रम बंद, 'गुन्ह्याची शिक्षा म्हणून असेल तेवढं सोडून'. दुरुस्ती देशभर लागू होत होती त्याच सुमारास मिसिसिपीच्या विधिमंडळाने कायदा केला की प्रत्येक मुक्त कृष्णवर्णीयाने दर जानेवारीत आपल्याला काम आणि घर असल्याचा लेखी पुरावा बाळगावा. पुरावा नसेल तर तो भटक्या, भटका असणं हा गुन्हा, गुन्ह्याला दंड, आणि दंड भरता आला नाही तर जो भरेल त्याच्याकडे मजुरी. पुढे कैद्यांना मळ्यांना, खाणींना, रेल्वेच्या ठेकेदारांना भाड्याने देण्याची पद्धत दक्षिणेत पसरली. विकत घेतलेला गुलाम मेला तर मालकाचं नुकसान होई. भाड्याचा कैदी मेला तर तुरुंगातून दुसरा मागवता येई.

चौदावी दुरुस्ती १८६८ ची. अमेरिकेत जन्मलेला प्रत्येक जण नागरिक. कोणतंही राज्य त्याला कायद्याचं समान संरक्षण नाकारणार नाही. हे पहिलं कलम सर्वांना ठाऊक असतं. दुसरं कलम फारसं कोणी वाचत नाही, आणि मला तेच जास्त बोलकं वाटतं. गुलामी संपताच तीन पंचमांशाचा हिशोबही संपला आणि प्रत्येक माणूस पूर्ण मोजला जाऊ लागला. म्हणजे युद्ध हरलेल्या दक्षिणेला उलट जास्त जागा मिळणार, तेही कृष्णवर्णीयांना मत न देता. यावर उपाय म्हणून दुसरं कलम आलं: जे राज्य प्रौढ पुरुषांना मत नाकारील, त्याच्या जागा त्या प्रमाणात कमी करायच्या. हे कलम एकदाही वापरलं गेलं नाही. जागा कमी करायच्या तर काँग्रेसमध्ये बहुमत उभं करायला हवं आणि मत नाकारलेल्यांची शिरगणती करायला हवी; दोन्हींची जबाबदारी ठरावीक कोणावर नव्हती. याच कलमात 'बंड किंवा इतर गुन्हा' केलेल्यांचा अपवाद आहे, आणि त्याच्याच आधारे १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा भोगून बाहेर आलेल्यांचं मत काढून घेणं वैध ठरवलं. शिक्षेचं कलम पडून राहिलं, त्यातला अपवाद मात्र कामाला आला.

पंधराव्या दुरुस्तीचा मसुदा फेब्रुवारी १८६९ मध्ये कसा घडला, हे सावकाश पाहण्यासारखं आहे. सेनेटमध्ये सेनेटर हेन्री विल्सन यांचा मसुदा मान्य झाला होता. त्यात वंश आणि वर्णाबरोबरच जन्मस्थान, मालमत्ता, शिक्षण आणि धर्म या कारणांवरूनही मत नाकारायला मनाई होती, आणि अधिकारपद भूषवण्याचा हक्कही होता. मग दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीने तो छाटला. उरली तीन कारणं: वंश, वर्ण, पूर्वीची गुलामी. बाकीची का गेली? कॅलिफोर्नियाला चिनी लोकांना मत द्यायचं नव्हतं. मॅसॅच्युसेट्स आणि कनेक्टिकटमध्ये मतदाराला वाचता यायला हवं असा नियम होता. ऱ्होड आयलंडमध्ये परदेशात जन्मलेल्या नागरिकाला मतासाठी मालमत्ता लागत असे. गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या उत्तरेला आपापल्या दारातला अडसर शाबूत ठेवायचा होता. साक्षरतेची किंवा मालमत्तेची अट घालून दक्षिणेतली राज्यं कृष्णवर्णीयांना बाहेर काढतील, असं सेनेटमध्ये काहींनी तेव्हाच बजावलं होतं. स्त्रियांचा तर विचारही झाला नाही, आणि त्यावरून स्त्रियांच्या मतासाठी लढणाऱ्या सुझन अँथनी आणि गुलामीतून सुटलेले नेते फ्रेडरिक डग्लस यांच्यासारखे जुने सहकारी एकमेकांपासून दुरावले.

छाटलेल्या मसुद्याचं व्याकरणही पाहा. 'प्रत्येक प्रौढ नागरिकाला मत देण्याचा हक्क आहे' असं ते वाक्य सांगत नाही. अमुक कारणांवरून नाकारू नका, एवढंच सांगतं. १८७६ मध्ये केंटकीतल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ स्वच्छ शब्दांत सांगितला: पंधरावी दुरुस्ती कोणालाही मताधिकार देत नाही. ज्याला मत नाकारायचं आहे त्याने दुसरं कारण शोधावं, असा रस्ता तिथून निघाला.

तरीही सुरुवातीची काही वर्षं विलक्षण होती. केंद्राचं लष्कर दक्षिणेत होतं, नव्या राज्यघटना झाल्या होत्या, कृष्णवर्णीय पुरुष झुंडीने मतदानाला येत होते. १८७० मध्ये हायरम रेव्हल्स हे कृष्णवर्णीय गृहस्थ मिसिसिपीतून सेनेटवर गेले. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' छापलं आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ते अर्पण केलं, आपल्या देशबांधवांनीही त्यांचा कित्ता गिरवावा या इच्छेने. पुण्यात बसून त्या माणसाने जे ओळखलं, ते तेव्हाच्या कितीतरी अमेरिकनांना ओळखता आलं नव्हतं. आणि त्याच वर्षी, १३ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी निवडणुकीच्या निकालावरून गोऱ्या सशस्त्र टोळीने कोर्टाच्या इमारतीला वेढा घातला, ती पेटवली आणि शरण आलेल्या कृष्णवर्णीयांनाही गोळ्या घातल्या. मृतांचे अंदाज साठापासून दीडशेपर्यंत जातात. केंटकीचा निकाल लागला त्याच दिवशी, २७ मार्च १८७६ ला, सर्वोच्च न्यायालयाने या हत्याकांडातल्या आरोपींची शिक्षाही रद्द केली. चौदावी दुरुस्ती राज्यांना बांधते, खासगी माणसांना नाही, हे कारण. पुढच्याच वर्षी दक्षिणेतल्या सरकारांमागचं लष्कर काढून घेतलं गेलं.

बंदूक आणि मतपेट्यांची चोरी यांवर पुढची बारा-तेरा वर्षं भागलं. पण हिंसा उघड असते, तिची चौकशी लागू शकते. म्हणून ऑगस्ट १८९० मध्ये मिसिसिपीची राज्यघटना नव्याने लिहायला जॅक्सन शहरात सभा भरली. १३४ प्रतिनिधी, त्यांत कृष्णवर्णीय एक; राज्यात मात्र बहुसंख्या कृष्णवर्णीयांची. या सभेने जे घडवलं त्याची नक्कल पुढच्या वीस वर्षांत दक्षिणेभर झाली, आणि ती घटना जनमताला न टाकताच लागू करण्यात आली.

तिच्या अटी एकमेकींत कशा अडकवल्या होत्या ते बघण्यासारखं आहे. राज्यात दोन वर्षं आणि त्याच मतदान-प्रभागात एक वर्ष सलग राहिलेलं असावं. वाट्याने शेती करणारा मजूर कापसाचा हंगाम संपला, हिशोबात बुडाला की दुसऱ्या मळ्यावर जाई. तो इथेच गळला. राहिला, तर पोल टॅक्स: वर्षाला दोन डॉलर, दोन वर्षांचा भरलेला हवा, तोही निवडणुकीच्या वर्षी १ फेब्रुवारीच्या आत, म्हणजे निवडणुकीची कुठे चर्चाही नसताना. पावती जपून ठेवायची. हा कर न भरल्याबद्दल फौजदारी कारवाई करायची नाही, असं त्याच घटनेत लिहिलं होतं. सरकारला कर नकोच होता, न भरलेली पावती हवी होती. मग गुन्ह्यांची यादी. लाच, घरफोडी, चोरी, जाळपोळ, फसवून माल घेणं, खोटी शपथ, बनावट दस्त, अफरातफर, दोन लग्नं. यांतल्या कशातही शिक्षा झाली की मत कायमचं गेलं. खून या यादीत नव्हता. कृष्णवर्णीयांवर कोणत्या गुन्ह्यांचे खटले सहज भरले जातात, ते बघून यादी केलेली होती. हा माझा तर्क नाही. १८९६ मध्ये मिसिसिपीच्याच सर्वोच्च न्यायालयाने निकालपत्रात लिहून ठेवलं की या सभेने कृष्णवर्णीयांच्या मतदानात अडथळा आणणारे सगळे उपाय चाचपून पाहिले. कबुली दिली आणि घटना चालू ठेवली.

या सगळ्यातून जो पार होईल त्याच्यासाठी शेवटचं कलम: मतदाराला राज्यघटनेचं कोणतंही कलम वाचता यावं, किंवा वाचून दाखवल्यावर समजावं, किंवा त्याचा 'वाजवी अर्थ' सांगता यावा. कोणतं कलम, ते रजिस्ट्रार ठरवणार. वाजवी काय, तेही तोच ठरवणार. अशिक्षित गोऱ्याला आत घ्यायचं दार आणि शिकलेल्या कृष्णवर्णीयाला बाहेर ठेवायचं कुलूप एकाच वाक्यात बसवलं होतं. १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही घटना तपासली. तिच्या शब्दांत वंशाचा उल्लेख कुठेच नाही, म्हणून ती वैध.

लुइझियानात १८९६ मध्ये १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १८९८ ची राज्यघटना आली आणि १९०० मध्ये ५,३२० उरले. या घटनेत एक सवलत होती: जो स्वतः किंवा ज्याचा बाप किंवा आजा १ जानेवारी १८६७ रोजी मतदार होता, त्याला साक्षरतेची अट नाही. त्या तारखेला लुइझियानात कृष्णवर्णीय मतदार नव्हते.

अलाबामाने १९०१ मध्ये आणखी बारीक काम केलं. १९०३ च्या १ जानेवारीच्या आत माजी सैनिक, त्यांचे वंशज किंवा 'चांगल्या चारित्र्याची' माणसं जन्मभरासाठी नोंदवून घ्यायची. त्यानंतर येणाऱ्यांना शिक्षणाच्या आणि मालमत्तेच्या अटी. गोऱ्यांसाठी दार उघडून, ते आत गेल्यावर बंद करायचं. पोल टॅक्सही तिथे साचत जाई: वर्षाला दीड डॉलर, वयाच्या २१ पासून ४५ पर्यंत, न भरलेली सगळी वर्षं मिळून ३६ डॉलरपर्यंत. याने गरीब गोरेही हजारोंनी यादीबाहेर पडले, आणि घटना लिहिणाऱ्या मळेवाल्यांना त्याचं वाईट वाटलं नाही.

मॉन्टगोमेरीच्या जॅक्सन गाइल्स यांनी या पद्धतीविरुद्ध सर्वोच्च न्यायालय गाठलं. कृष्णवर्णीयांचे तेव्हाचे नामवंत नेते बुकर टी. वॉशिंग्टन यांनी त्या खटल्याला गुपचूप पैसे पुरवले. १९०३ चा निकाल न्यायमूर्ती होम्स यांनी लिहिला, आणि तो वाचताना अजूनही संताप येतो. गाइल्स म्हणतात की सगळी नोंदणी घटनाविरोधी आणि लबाडीची आहे. मग त्या लबाडीच्या यादीत त्यांचं नाव घालायचा हुकूम न्यायालय कसा देणार? आणि राज्यातली बहुसंख्य गोरी जनता जर त्यांना मत देऊ द्यायचं नाही असं ठरवून बसली असेल, तर कागदावर नाव घातल्याने काय होणार? दाद मागायची तर ती राज्यातल्या लोकांकडे किंवा सरकारच्या राजकीय शाखांकडे. मत नसलेल्या माणसाला मताच्या जोरावर न्याय मिळवायला सांगितलं गेलं.

न्यायालयात जिंकूनही काय व्हायचं, याचा नमुना ओक्लाहोमात आहे. आजोबांच्या मतावर नातवाला सवलत देणारं तिथलं कलम १९१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं. मोठा विजय. पुढच्या वर्षी राज्याने नवा कायदा केला: १९१४ मध्ये मत दिलेले आपोआप यादीत, बाकीच्यांनी ३० एप्रिल ते ११ मे १९१६ या बारा दिवसांत नाव नोंदवावं, नाही नोंदवलं तर कायमचे बाद. १९१४ मध्ये मत कोणी दिलं होतं? रद्द झालेल्या कलमाखाली ज्यांना देता आलं त्यांनी. हा कायदा मोडायला १९३९ उजाडलं. पंधरावी दुरुस्ती भेदभावाचे ओबडधोबड प्रकार रद्द करते तसेच चतुर प्रकारही, असं त्या निकालात म्हटलं आहे. तोवर तेवीस वर्षं गेली होती.

ओक्लाहोमाचा पहिला निकाल लागला तेव्हा भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. त्या निकालावर त्यांनी काही लिहिलं असं मी म्हणत नाही. पण जून १९४९ मध्ये संविधान सभेत निवडणूक आयोगाचं कलम मांडताना त्यांनी दिलेलं कारण या इतिहासाच्या शेजारी ठेवून वाचायला हवं. काही प्रांतांत वंशाने, संस्कृतीने किंवा भाषेने वेगळ्या असलेल्या लोकांना मतदार यादीतून वगळलं जात असल्याचं निदर्शनाला आलं आहे, म्हणून हे काम प्रांतिक सरकारांच्या हातून काढून एका केंद्रीय आयोगाकडे द्यावं, असं ते म्हणाले. आपल्या ३२६ व्या कलमात प्रौढ नागरिकाला मतदार म्हणून नोंदलं जाण्याचा हक्क आहे, असं सरळ होकारार्थी लिहिलं आहे. अपात्रतेची कारणंही तिथेच मोजून दिली आहेत. अमेरिकेत निवडणुकीचं यंत्र राज्यांकडे आणि काउंट्यांकडे, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांकडे, राहिलं, आणि नाव नोंदवण्याचं ओझं माणसावर.

टेक्सासने प्राथमिक निवडणूकच, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडणारी फेरी, गोऱ्यांपुरती ठेवली होती. तिथे डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक फेरी जिंकली की पुढची निवडणूक नावापुरती, त्यामुळे खरं मत तिथेच. एल पासोचे डॉक्टर लॉरेन्स निक्सन १९२७ आणि १९३२ मध्ये जिंकले, दर वेळी नियम नव्या वेषात परत आला. ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ यांच्या खटल्यात, थर्गुड मार्शल वकील असताना, १९४४ मध्ये तो अखेर संपला.

१९५७, १९६० आणि १९६४ चे नागरी हक्क कायदे आले, त्यांनी केंद्राच्या न्याय खात्याला काउंटीवर खटला भरण्याचा अधिकार दिला. १९६० च्या कायद्याने नोंदणीचे कागद बावीस महिने जपायची सक्ती केली, तेव्हा कुठे पुरावा हाती लागू लागला. त्या कागदांत जे सापडलं ते थक्क करणारं आहे. मिसिसिपीच्या पॅनोला काउंटीत कृष्णवर्णीयांना 'चिकासॉ शाळा निधी' नावाच्या जुन्या निधीच्या व्याजदराचं कलम समजावून सांगायला लावत. फॉरेस्ट काउंटीच्या रजिस्ट्रारने सहा कृष्णवर्णीय पदवीधरांना नापास केलं, त्यांतले तिघे एम. ए. होते. लुइझियानात एका गोऱ्या अर्जदाराने अर्थ म्हणून तीनच शब्द लिहिले, 'भाषणस्वातंत्र्य' या अर्थाचे, आणि तिन्हींचं स्पेलिंग इतकं चुकलं होतं की ओळखूही येऊ नयेत. तो पास.

एका काउंटीचा खटला उभा करायला नोंदणीचे दप्तर चाळण्यातच कधी कधी सहा हजार माणूस-तास जात. खटला वर्षानुवर्षं चाले. मनाईहुकूम मिळाला की रजिस्ट्रार राजीनामा देई, कचेरी बंद राही, किंवा विधिमंडळ नवी परीक्षा काढी. सेल्मा गावच्या डॅलस काउंटीत मतदानाच्या वयाचे पंधरा हजार कृष्णवर्णीय होते. चार वर्षांच्या कोर्टबाजीनंतर नोंदलेल्यांची संख्या १५६ वरून ३८३ वर गेली. नोंदणीची कचेरी महिन्यातून दोन सोमवारी उघडत असे. शेजारच्या लाउन्ड्स काउंटीत १९६५ च्या मार्चच्या सुरुवातीला कृष्णवर्णीयांची बहुसंख्या असूनही त्यांचा एकही मतदार नव्हता.

७ मार्च १९६५ ला सेल्माच्या एडमंड पेटस पुलावर मोर्चेकऱ्यांवर झालेला लाठीहल्ला आणि अश्रुधूर देशाने टीव्हीवर पाहिला. तो दिवस पुष्कळांना ठाऊक आहे. त्यातून निघालेला ६ ऑगस्ट १९६५ चा मताधिकार कायदा कसा चालत असे, हे कमी सांगितलं जातं. त्याच्या रचनेत आधीच्या पंच्याण्णव वर्षांचा अनुभव मुरलेला आहे. कोणत्या प्रदेशाला लागू, हे कोणाच्या मनावर सोडलं नाही: १ नोव्हेंबर १९६४ रोजी तिथे नोंदणीसाठी परीक्षा होती का, आणि त्या महिन्याच्या निवडणुकीत निम्म्याहून कमी प्रौढ नोंदलेले होते किंवा निम्म्याहून कमींनी मतदान केलं का? दोन्ही उत्तरं 'हो' आली की प्रदेश कायद्याखाली. हेतू सिद्ध करायची गरज नाही. परीक्षा तिथल्या तिथे बंद. केंद्राचे अधिकारी काउंटीत जाऊन स्वतः नावं नोंदवणार. आणि पाचवं कलम: निवडणुकीचा कोणताही नियम बदलायचा, अगदी मतदान केंद्र हलवायचं असलं तरी, आधी वॉशिंग्टनची मंजुरी. तो बदल भेदभाव करत नाही हे राज्याने दाखवायचं. न्याय खात्याला हरकत घ्यायला साठ दिवस. तोवर बदल आधी लागू होई आणि पीडितांनी तो खोटा ठरवायला वर्षं घालवायची. साउथ कॅरोलायनाने या कायद्याला आव्हान दिलं तेव्हा १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला: वेळ आणि जडत्व यांचा फायदा अन्याय करणाऱ्यांकडून काढून तो सोसणाऱ्यांना देण्याचा काँग्रेसला अधिकार आहे. या सबंध इतिहासावरचं इतकं नेमकं वाक्य मला दुसरं सापडलेलं नाही.

परिणाम तात्काळ दिसला. काही दिवसांत केंद्राचे अधिकारी सेल्मात नोंदणी करत होते. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या नोंदणीचं प्रमाण १९६५ मध्ये ६.७ टक्के होतं, १९६७ मध्ये ५९.८ टक्के. पोल टॅक्सला चोविसाव्या घटनादुरुस्तीने जानेवारी १९६४ मध्येच केंद्राच्या निवडणुकांतून हटवलं होतं, पण फक्त तेवढ्यातूनच. व्हर्जिनियाने लगेच पर्याय काढला: कर भरा, नाहीतर निवडणुकीआधी सहा महिने रहिवासाचा दाखला दाखल करा. तो १९६५ मध्ये रद्द झाला आणि १९६६ मध्ये राज्याच्या निवडणुकांतला दीड डॉलरचा करही. तो चौदाव्या दुरुस्तीच्या समान संरक्षणाखाली गेला, चोविसावी तिथे पोहोचत नव्हती.

मताधिकार कायद्याची मुदत काँग्रेसने वेळोवेळी वाढवली. २००६ मध्ये सेनेटमध्ये विरोधात एकही मत पडलं नाही. २५ जून २०१३ ला शेल्बी काउंटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते प्रदेश ठरवणारं सूत्र रद्द केलं, आणि त्यावर टेकलेलं पाचवं कलम निकामी झालं. चाळीस वर्षांपूर्वीच्या आकड्यांवर आजच्या राज्यांना वेगळं वागवता येणार नाही, गोऱ्या आणि कृष्णवर्णीयांच्या नोंदणीतलं अंतर आता जवळपास मिटलं आहे, असा सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांचा युक्तिवाद. आकडे जुने होते हे खरं. पण अंतर मिटलं ते पाचव्या कलमाचा पहारा असताना मिटलं. मी भिजत नाही म्हणून भर पावसात छत्री फेकून देण्यासारखं हे आहे, असं न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी विरोधी निकालपत्रात लिहिलं, आणि पुढच्या काही तासांत पाऊस आला. टेक्सासने त्याच दिवशी फोटो ओळखपत्राचा कायदा लागू करत असल्याचं जाहीर केलं. त्यात बंदुकीचा परवाना चालत होता, विद्यापीठाचं ओळखपत्र चालत नव्हतं.

नॉर्थ कॅरोलायनाने ऑगस्ट २०१३ मध्ये एकच मोठा कायदा केला. आगाऊ मतदानाचे दिवस सतरावरून दहा, मतदानाच्या वेळीच नाव नोंदवण्याची सोय बंद, चुकीच्या केंद्रावर दिलेलं मत मोजणं बंद, फोटो ओळखपत्र सक्तीचं. विधिमंडळाने आधी कोणती सोय कोणत्या वंशाचे लोक किती वापरतात याची आकडेवारी मागवली होती. पाचवं कलम जिवंत असतं तर हा कायदा आधी वॉशिंग्टनला गेला असता. आता तो लागू झाला आणि त्याच्याविरुद्ध खटला भरावा लागला. २९ जुलै २०१६ ला संघीय अपील न्यायालयाने तो रद्द केला; त्याच्या तरतुदी कृष्णवर्णीयांवर जवळजवळ शस्त्रक्रियेच्या नेमकेपणाने रोखलेल्या आहेत, असं निकालात म्हटलं. मधल्या काळात, ऑक्टोबर २०१४ मध्ये, निवडणूक तोंडावर आली म्हणून सर्वोच्च न्यायालयाने कायदा चालू राहू दिला होता. त्या नोव्हेंबरची निवडणूक त्याच नियमांनी झाली, निवडून आलेले त्याच मतांवर पदावर बसले, आणि त्यांच्या मुदती पूर्ण झाल्या. सूत्र नव्याने आखून पूर्वमंजुरी परत आणणारं विधेयक, सेल्माच्या मोर्चात पुढे असलेल्या जॉन लुइस यांच्या नावाचं, ऑगस्ट २०२१ मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झालं आणि सेनेटमध्ये अडलं.